रबरातली प्रथिने आणि आपली अ‍ॅलर्जी

पंक्चरच्या दुकानात ट्यूबवर लावतात ते ‘सोल्युशन’ म्हणजे पेट्रोलसारख्या द्रावकात विरघळवलेले रबर. द्रावक उडून जातो, रबर उरते. पण रबराबरोबर आणखी काही विरघळले असेल, तर तेही तिथेच उरते. नैसर्गिक रबर शुद्ध करताना अडचण येते ती इथेच.

ग्वायूली नावाचे झुडूप घ्या. मेक्सिको आणि टेक्सासच्या कोरड्या प्रदेशातले हे झुडूप आपल्या गाजरगवताचे नातेवाईक. दोघांच्याही शास्त्रीय नावाची सुरुवात ‘पार्थेनियम’ अशी. दुसऱ्या महायुद्धात मलायातले रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले, तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकेने त्याची लागवड हाती घेतली.

रबराच्या झाडाला खाच दिली की चीक गळतो. ग्वायूलीचे रबर मात्र पेशींत अडकलेले असते. म्हणून झुडूप भरडून हेक्झेन आणि अ‍ॅसिटोनच्या मिश्रणात भिजवतात. रबर आणि राळ दोन्ही विरघळतात. चोथा गाळून टाकतात. मग आणखी अ‍ॅसिटोन घालतात. त्यात राळ विरघळलेली राहते, पण रबराला ते मानवत नाही. लांब साखळ्यांचे चांगले रबर गुठळ्या होऊन वेगळे पडते. आखूड साखळ्यांचे चिकट रबर राळेसोबत द्रावणातच राहते. शेवटी द्रावक उकळून, थंड करून पुन्हा वापरतात. रबरात अडकलेला द्रावकही काढावा लागतो. कोंदट खोलीत हेक्झेनची वाफ महिनोन्महिने छातीत गेली, तर कामगारांचे हातपाय बधिर होतात, चालताना पाय लुळे पडतात.

डॉक्टरांना यात रस का? रबराच्या झाडाच्या चिकात प्रथिने असतात आणि काहींना त्यांचीच अ‍ॅलर्जी होते. फुगा फुगवताना ओठ सुजतात, हातमोजे घालताच गांधी उठतात, क्वचित धाप लागून रक्तदाब कोसळतो. लहानपणापासून अनेक शस्त्रक्रिया झालेली मुले आणि रुग्णालयातले कर्मचारी यांना धोका अधिक. ग्वायूलीत प्रथिने फारच कमी, आणि ती वेगळी. म्हणूनच २००८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ग्वायूलीच्या चिकापासून केलेल्या हातमोज्यांना मान्यता दिली. हा चीक मात्र द्रावकाने नव्हे, पाण्यात काढतात.

हातमोज्यांनी एक-दोन दिवसांनी खाज सुटून कातडी फाटत असेल, तर ते बहुधा रबर पक्के करण्याच्या रसायनांमुळे. ते त्रासदायक, पण जिवावरचे नव्हे. फुगा, हातमोजे किंवा निरोध यांच्या स्पर्शाने लगेच सूज, गांधी किंवा धाप आली असेल, तर गोष्ट वेगळी. अशांपैकी काहींना केळी, किवी, अ‍ॅव्होकॅडोही सोसत नाहीत. शस्त्रक्रिया, बाळंतपण, अगदी दात काढण्याआधीही हे डॉक्टरांना आपणहून सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. रबराच्या चिकाविना बनलेले नायट्राइलचे हातमोजे मिळतात. ते वापरता येतात. फक्त आधी कळायला हवे.