स्तंभनदोषावरील मूलपेशी-उपचार : सुरक्षितता आणि परिणामकारकता

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे ४० ते ७० वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी करण्यात आली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार सुमारे ५२ टक्के पुरुषांत कमी-अधिक प्रमाणात स्तंभनदोष आढळला. इतक्या व्यापक विकाराविषयी समाजात मात्र मौन आहे, आणि या मौनाचा लाभ जाहिरातदारांना होतो. मूलपेशींचे इंजेक्शन ही त्यांतील नवी भर होय. या उपचारामागील शास्त्रीय आधार कितपत भक्कम आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

लैंगिक उत्तेजनेच्या वेळी मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातून नायट्रिक ऑक्साइड स्रवते. त्यामुळे शिश्नातील अनैच्छिक स्नायू शिथिल होऊन तेथील स्पंजसदृश ऊतींत रक्त भरते. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सिल्डेनाफिल याच प्रक्रियेला साहाय्य करते. ते ती नव्याने निर्माण करीत नाही. साहजिकच दीर्घकालीन मधुमेहाने किंवा प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेने मज्जातंतूंची हानी झाली असल्यास या औषधाचा गुण कमी येतो. अशा वेळी मूळ ऊतींचीच दुरुस्ती करता येईल काय, या प्रश्नातून मूलपेशींचा विचार पुढे आला. उंदरांवरील प्रयोगांत उत्साहवर्धक सुधारणा दिसली. मात्र टोचलेल्या पेशींपासून नवी ऊती तयार होते असे नव्हे. त्या पेशी जी वृद्धिकारक द्रव्ये स्रवतात त्यांचाच परिणाम मुख्य असावा, असे आता बहुतेक संशोधक मानतात.

मानवावरील पुरावा याहून पुष्कळ तोकडा आहे. २०१० मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी सात मधुमेही पुरुषांना नाळेच्या रक्तातील मूलपेशी दिल्या. बहुतेकांत सकाळची ताठरता परतली, परंतु समागमासाठी ती अपुरी ठरली. डेन्मार्कमधील २०१६ चा अभ्यास अधिक उद्धृत केला जातो. प्रोस्टेट शस्त्रक्रियेनंतरच्या १७ पुरुषांना त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचण्यात आल्या आणि सहा महिन्यांत आठ जण समागमक्षम झाले. जाहिरातीत हा आकडा आकर्षक दिसतो. पण या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. शस्त्रक्रियेला ५ ते १८ महिने झालेले हे रुग्ण होते, आणि या काळात मज्जातंतू स्वतःहूनही सावरत असतात. शिवाय बरे झालेले आठही जण मूत्रावर नियंत्रण असलेल्या अकरा जणांपैकी होते. उरलेल्या सहांपैकी एकालाही गुण आला नाही. म्हणजे ज्यांचे मज्जातंतू आधीच बरे शाबूत होते, तेच सुधारले असण्याची शक्यता उरते. मुळात या चाचणीचे प्रथम उद्दिष्ट सुरक्षितता तपासणे हे होते, परिणामकारकता सिद्ध करणे नव्हे.

सुरक्षिततेविषयीही सावधपणेच बोलावे लागते. या अभ्यासात केवळ किरकोळ त्रास नोंदले गेले, हे खरे. परंतु सतरा रुग्णांत विरळ दुष्परिणाम दिसणारच नाहीत. वृद्धिकारक द्रव्ये स्रवणाऱ्या पेशी कर्करोगातून उठलेल्या रुग्णाला देणे दीर्घ मुदतीत कितपत निर्धोक, याचे उत्तर सहा महिन्यांत मिळत नाही. पेशी रुग्णाच्या स्वतःच्या आहेत एवढ्याने धोका टळत नाही. फ्लोरिडातील एका चिकित्सालयात स्वतःच्याच चरबीतील पेशी डोळ्यांत टोचून घेतलेल्या तीन स्त्रियांची दृष्टी गंभीररीत्या बाधित झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०१८ मध्ये हा उपचार प्रायोगिकच मानावा असे सांगितले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसारही रक्तविकारांसारख्या मान्य आजारांतील रक्तजनक मूलपेशी-रोपण वगळता मूलपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. अशी चाचणी भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदवहीत नोंदलेली असावी लागते आणि संशोधनाचा खर्च सहभागी रुग्णाकडून घ्यावयाचा नसतो. मुंबई-पुण्यातील एखादे चिकित्सालय लाखाचे शुल्क सांगून हा 'उपचार' देऊ करीत असेल, तर तेथे प्रथम नोंदणी क्रमांक विचारावा.

आणखी एक हानी सहसा लक्षात घेतली जात नाही. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून अरुंद असल्याने स्तंभनदोष पुष्कळदा हृदयविकाराच्या काही वर्षे आधी प्रकट होतो. इंजेक्शन घेऊन परतणाऱ्या रुग्णाची रक्तशर्करा, रक्तदाब आणि हृदय यांची तपासणी बहुधा राहूनच जाते.