गहाण पडलेली तीन वर्षं

पुण्यात नवी पेठ, सदाशिव पेठ, नारायण पेठ या भागात जिन्याजिन्यांपाशी अभ्यासिकांच्या पाट्या दिसतात. आत प्लायवूडच्या फळ्यांनी वेगळी केलेली अरुंद टेबलं, प्रत्येकावर चार्जिंगची सोय, समोर चिकटवलेला महाराष्ट्राचा नकाशा, पाण्याची बाटली आणि खुर्चीवर घरून आणलेली उशी. महिन्याचं भाडं भरलं की ती खुर्ची आपली. सकाळी येऊन बसलेली मुलं मेसच्या वेळेला उठतात, चहाला उठतात आणि रात्री कॉटवर परततात. यांतली बरीच पदवीधर असतात. काहींची नावं मात्र त्याच वेळी गावाकडच्या एखाद्या महाविद्यालयात एस. वाय. किंवा टी. वाय.च्या हजेरीपटावर असतात. प्रवेश घ्यायचा, परीक्षेपुरतं जायचं, पदवी पदरात पाडून घ्यायची आणि खरा अभ्यास ‘आयोगाचा’, म्हणजे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा, करायचा, ही वाट आता चांगलीच रुळली आहे. पदवीची वर्षं अशी गहाण टाकण्याचा सौदा तोट्याचा आहे, असं माझं म्हणणं आहे. निवड झाली नाही तर तो तोट्याचा ठरतोच. पण ज्या परीक्षेसाठी तो केला जातो, त्या परीक्षेच्या हिशेबातही तो आता बसत नाही.

हा सौदा करणारी मुलं अविचारी आहेत, असं मात्र म्हणता येणार नाही. घरची शेती पावसावर, तालुक्याच्या गावी मिळणारी खासगी नोकरी तुटपुंज्या पगाराची, शहरातली नोकरी इंग्रजीवर आणि ओळखीपाळखीवर अडलेली. अशा वेळी लेखी परीक्षा घेऊन, गुणवत्ता यादी लावून नेमणूक देणारी व्यवस्था विश्वासाची वाटली तर नवल नाही. वशिला नाही, देणगी नाही, बापाचं आडनाव नाही. पेपर चांगला गेला तर तहसीलदार, नाही गेला तर पुन्हा फॉर्म. शिवाय एका मुलाला किंवा मुलीला पोस्ट मिळाली की साऱ्या घराची पत बदलते. तेव्हा अधिकारी होण्याची इच्छा चूक नाही. प्रश्न एवढाच आहे की त्या इच्छेची किंमत कुठल्या खिशातून चुकवायची.

आधी आकडे पाहू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला १० लाख १६ हजार ८५० जणांनी अर्ज केले. प्रत्यक्ष पूर्वपरीक्षा दिली ५ लाख ९२ हजार १४१ जणांनी. मुख्य परीक्षेला पात्र ठरले १४ हजार ६२४, मुलाखतीपर्यंत पोहोचले २ हजार ८५५ आणि शिफारस झाली १ हजार १६ जणांची. म्हणजे परीक्षेला बसलेल्या सुमारे ५८३ जणांमागे एक. यात सगळ्यात बोलका आकडा मधला आहे. मुलाखत देऊन रिकाम्या हाती परतलेले १ हजार ८३९ उमेदवार. लाखोंतून गाळून निघालेली ही मुलं हुशार नव्हती, असं कोण म्हणेल? त्यांची माहिती इच्छुक नोकरदात्यांपर्यंत पोहोचवण्याची सोय आयोगाने केली आहे. पण नोकरदाता शेवटी विचारणार की तुम्हाला काय येतं. पूर्वपरीक्षेतच अडकलेल्या पाच लाखांहून जास्त मुलांना तर हे उत्तर स्वतःच्या बळावरच द्यावं लागतं. राज्य सेवेत आकडे लहान असतात, उतरंड तशीच असते.

आता परीक्षेकडे वळू. २०१२ नंतर काही वर्षं महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा प्रामुख्याने बहुपर्यायी होती. चार पर्यायांतला एक निवडायचा, चुकलं तर गुण कापले जाणार. अशा परीक्षेला नोट्स, प्रश्नसंच आणि पाठांतर पुष्कळ दूर नेऊ शकत होतं. मग आयोगाने वर्णनात्मक पद्धत आणण्याचं ठरवलं. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात त्याविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली. त्यांची तक्रार समजण्यासारखी होती. जुन्या साच्यावर घासूनपुसून केलेली वर्षांची तयारी एका परिपत्रकाने निम्म्या किमतीची झाली होती. पण धडाही त्यातच आहे. साच्याला बांधलेली तयारी साचा बदलला की शिळी होते. विषय समजून केलेलं वाचन आणि चार पानं सुसंगत लिहिण्याची सवय शिळी होत नाही.

नव्या रचनेत गुणवत्तेसाठी धरले जाणारे लेखी गुण १७५० आहेत. निबंधाला २५०, सामान्य अध्ययनाच्या चार पेपरांना प्रत्येकी २५० आणि वैकल्पिक विषयाच्या दोन पेपरांना मिळून ५००. म्हणजे लेखी गुणांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त वाटा एका विषयाचा, आणि त्या विषयांच्या यादीत इतिहास, भूगोल, मराठी साहित्य, कृषी, स्थापत्य अभियांत्रिकी असे महाविद्यालयात शिकवले जाणारे विषय आहेत. भूगोल घेऊन बी. ए. करणारी मुलगी वर्ग बुडवून अभ्यासिकेत बसते, तेव्हा ती ५०० गुणांचा अभ्यास सोडून सामान्य ज्ञानाच्या मागे धावत असते. पदवी ‘काढून’ झाल्यावर तीच मुलगी वैकल्पिक विषयाच्या क्लासची फी भरते आणि तीन वर्षं समोर असलेला भूगोल पुन्हा पहिल्यापासून शिकते. सौदा अंगाशी येतो तो इथे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: महाविद्यालयात शिकवतात कुठे? आक्षेपात तथ्य आहे. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर विभाग चालतो, आणि वर्गात मुलं नाहीत म्हणून तास होत नाही की तास होत नाही म्हणून मुलं येत नाहीत, हे सांगणं अवघड झालं आहे. तरीही हिशेब करून पाहावा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात आणि एका लेखी श्रेयांकामागे पंधरा तास धरले जातात. म्हणजे कागदावर किमान अठराशे तास. त्यातले निम्मे वाया गेले असं धरलं तरी नऊशे तास उरतात. शिवाय ग्रंथालय, प्रकल्प, क्षेत्रभेट, ऑन जॉब ट्रेनिंग आणि प्रत्येक विभागात सापडणारा एखादा तरी मनापासून शिकवणारा शिक्षक. या सगळ्याची फी भरून झालेलीच असते. वर्ग नीट चालत नाही ही महाविद्यालयाची चूक. पण म्हणून भरल्या ताटावरून उठणं हे आपलंच नुकसान.

दुसरा आक्षेप असा की लवकर सुरुवात करणारेच पुढे जातात. उदाहरण दिलं जातं अन्सार शेख यांचं. जालना जिल्ह्यातल्या रिक्षाचालकाचा हा मुलगा वयाच्या एकविसाव्या वर्षी पहिल्याच प्रयत्नात नागरी सेवा परीक्षा उत्तीर्ण झाला. पण त्या यशाचा दुसरा अर्धा भाग भाषणांत गाळला जातो. त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयातून राज्यशास्त्रात बी. ए. केलं होतं. राज्यघटना, शासन, आंतरराष्ट्रीय संबंध हे या परीक्षेच्या गाभ्याचे विषय आणि राज्यशास्त्राच्या पदवीचेही. लवकर सुरुवात म्हणजे वर्ग सोडणं नव्हे. वर्तमानपत्र रोज वाचणं, बारावीपर्यंतची क्रमिक पुस्तकं पुन्हा काढणं आणि आपल्या विषयात आठवड्याला एक उत्तर हाताने लिहून शिक्षकांकडून तपासून घेणं, एवढं पदवी सांभाळून होतं. पूर्ण वेळ बैठक पदवीनंतर मारता येते.

ही बैठक किती काळ मारायची, हे मात्र बसण्याआधी ठरवावं लागतं. केंद्रीय परीक्षेत खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षांची आणि सहा प्रयत्नांची मर्यादा आहे. राज्य सेवेत वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. एकविसाव्या वर्षी पदवी घेतलेल्या मुलापुढे सतरा ते बावीस वर्षांचा मोकळा रस्ता असतो. राज्यसेवा हुकली तर संयुक्त परीक्षा, ती हुकली तर सरळसेवा. जाहिरात निघतच राहते आणि प्रत्येक जाहिरात एक वर्ष मागते. आयोग कुणाला ‘आता थांब’ म्हणत नाही. ‘थांबण्याची तारीख ठरवली की जिद्द ढिली पडते,’ असं सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की जिद्दीचा खर्च दर महिन्याला कुणीतरी गावाकडून पाठवत असतो. दुसरा मार्ग ठेवणं ही श्रीमंतांची चैन, असाही एक समज आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. सधन घरातला मुलगा तिसाव्या वर्षी परतला तरी त्याला दुकान, जमीन किंवा काकांची कंपनी असते. ज्याच्या मागे काही नाही, त्याच्याकडे पदवी हीच एक पुंजी, आणि तीच तो पहिल्यांदा गहाण टाकतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना साताऱ्यात रुजली आणि आज पुणे विद्यापीठातही त्यांच्या नावाने योजना चालते. शिकता शिकता हाताला काहीतरी यायला हवं, हा तिचा आग्रह गरीब मुलं समोर ठेवूनच धरलेला होता. आजच्या विद्यार्थ्याला तो वेगळ्या रीतीने पाळता येईल. दर मे महिन्यात, वर्षाचा निकाल हाती येण्याआधी, त्याने एक कोरा कागद घेऊन लिहावं: यंदा एकही जाहिरात निघणार नाही असं कळलं, तर माझ्या विषयातलं कोणतं काम मी उद्या करू शकेन आणि त्याचे पैसे मला कोण देईल? एस. वाय.ला या प्रश्नापुढे कागद कोरा राहिला तर घाबरायचं कारण नाही. एक वर्ष हातात आहे. टी. वाय.लाही तो कोराच राहिला, तर अभ्यासिकेतल्या खुर्चीचं पुढच्या महिन्याचं भाडं भरण्यापूर्वी तो कागद भरावा.