हिरवा ठिपका सांगतो तापाचे नाव

सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आले, की खामगाव परिसरात तापाचे रुग्ण वाढतात. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, तरी आठवडाभर ताप हटत नाही. अशा वेळी स्क्रब टायफसची आठवण ठेवलीच पाहिजे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व आसपासच्या जिल्ह्यांत या रोगाने अनेकांचे प्राण घेतले होते.

धुऱ्यावरच्या गवतात चिगर नावाची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी अळी असते. (ही गोचीड नव्हे, पुष्कळजण तशी गल्लत करतात.) ती चावली की जंतू शरीरात शिरतात आणि साधारण दहा दिवसांनी ताप येतो. चावल्या जागी कधी कधी विडीचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. ती दुखत नाही. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली लपलेली असते, म्हणून रुग्णही सांगत नाही आणि घाईत डॉक्टरांकडूनही पाहणे राहून जाते.

या रोगाची सर्वांत खात्रीची मानली जाणारी रक्ततपासणी म्हणजे इम्युनोफ्लुओरेसन्स. बी.एस्सी.च्या मुलांनी ती जरूर समजून घ्यावी. काचपट्टीवर या जंतूंची लागण झालेल्या पेशी चिकटवलेल्या असतात. त्यांवर रुग्णाच्या रक्तातील पातळ केलेला द्रव, म्हणजे सीरम, टाकतात. शरीराने या जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे बनवली असतील, तर ती जंतूंना घट्ट चिकटतात. बाकीचे धुऊन जाते. मग दुसरे प्रतिपिंड टाकतात. ते माणसाच्या प्रतिपिंडांना धरते आणि त्याला फ्लुओरेसिन हा रंग जोडलेला असतो. पुन्हा धुवायचे. आता खास सूक्ष्मदर्शकातून निळा प्रकाश सोडला, की काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे ठिपके चमकतात. प्रतिपिंडाला चमकणारे रसायन जोडण्याची ही युक्ती अल्बर्ट कून्स या अमेरिकन डॉक्टरांनी १९४१ साली करून दाखवली.

हे यंत्र महाग, आणि ठिपके ओळखायला तयार नजर लागते. म्हणून तपासणी मोठ्या प्रयोगशाळेतच होते. शिवाय पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडे पुरेशी नसल्याने ती निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे दाट शंका असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करतात, आणि ते योग्यच आहे. बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरू लागतो. उशीर झाल्यास मात्र फुप्फुसे, मूत्रपिंड, मेंदू यांवर बेतते. गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. गरोदर बाईने तर नाहीच, तिच्यासाठी वेगळे औषध आहे.

पक्क्या निदानासाठी दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेऊन प्रतिपिंडे चौपट वाढली का ते पाहतात. पण तोवर रुग्ण बरा होऊन परत सोंगणीला गेलेला असतो!