ओळख ना पाळख, तरी शिफारस

परदेशात एमएस करायचं ठरलं की बहुतेक अमेरिकी विद्यापीठं तीन शिफारसपत्रं मागतात. पहिलं प्रोजेक्टच्या गाइडकडून मिळतं, दुसरं एचओडींकडून. तिसऱ्यासाठी मात्र अशा सरांच्या केबिनबाहेर उभं राहावं लागतं, ज्यांच्या तासाला आपण सेमिस्टरभर शेवटच्या बाकावर बसलो आणि ज्यांना आपलं नावही आठवण्याची शक्यता नाही. ते काय लिहिणार? आणि लिहिलंच, तर सातासमुद्रापलीकडची, त्यांनाही न ओळखणारी माणसं ते खरं का मानणार?

प्रकार अजबच आहे, नाही का? तरीही तो चालतो. किती चालतो, हे पाहायचं तर 1924 सालच्या ढाक्याला जाऊ.

तिथल्या विद्यापीठात सत्येंद्रनाथ बोस रीडर होते. वय तीस, डॉक्टरेट नाही. 4 जून 1924 रोजी त्यांनी बर्लिनला आइनस्टाइनना पत्र टाकलं. ओळख शून्य. तसं त्यांनी मोकळेपणाने लिहिलंही: मी तुम्हाला पूर्णपणे अनोळखी आहे, पण तुमचं लेखन वाचून शिकणारे आम्ही सगळे तुमचेच विद्यार्थी. सोबत एक छोटा निबंध होता. वाचा, आणि योग्य वाटला तर जर्मन नियतकालिकात छापायची व्यवस्था करा, अशी विनंती होती. आणि एक बारीकसा धागाही होता. कलकत्त्याच्या कुणीतरी तुमचे सापेक्षतेवरचे निबंध इंग्रजीत आणायची परवानगी मागितली होती, आठवतं का? त्यातला सामान्य सापेक्षतेचा निबंध मी अनुवादित केला.

पत्रात स्वतःची स्तुती नाही, पदव्यांची यादी नाही. त्या निबंधात असं काय होतं मग?

दोन नाणी उडवा. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा: चार शक्यता. आता अशी कल्पना करा की दोन्ही नाणी इतकी एकसारखी आहेत, की कोणतं कुठलं हे निसर्गालाही सांगता येत नाही. मग मधल्या दोन शक्यता एकच होतात. उरल्या तीन, आणि तिन्ही समसमान! बोसांनी प्रकाशाचे कण अशा पद्धतीने मोजले, आणि प्लांक यांनी 1900 साली मांडलेलं उष्ण वस्तूच्या प्रारणाचं सूत्र जुन्या भौतिकशास्त्राच्या कुबड्यांशिवाय हातात आलं.

आइनस्टाइननी निबंध स्वतः जर्मनमध्ये उतरवला. 2 जुलैला त्यांचं पोस्टकार्ड निघालं: अनुवाद करून छापायला दिलाय, हे महत्त्वाचं पाऊल आहे. तारखा पुन्हा पाहा. भारत-युरोप विमानटपाल नसलेल्या काळात ढाका ते बर्लिन असा टपालाचा प्रवास, वाचन, अनुवाद आणि उत्तर, सगळं 28 दिवसांत!

खरी गंमत पुढेच आहे. बोसांना युरोपात जाऊन अभ्यास करायचा होता आणि त्यांच्या रजेचा अर्ज विद्यापीठात रेंगाळला होता. कुलगुरूंना ते पोस्टकार्ड दाखवलं, आणि दोन वर्षांची रजा चांगल्या भत्त्यासह मंजूर झाली, वर प्रवासखर्च. जर्मन वकिलातीने तर कार्ड बघून व्हिसा दिला, फीसुद्धा घेतली नाही. ते कार्ड शिफारसपत्र म्हणून लिहिलेलंच नव्हतं, तरी त्याने शिफारसपत्राचं काम केलं. का? कारण लिहिणाऱ्याने एक विशिष्ट गोष्ट स्वतः पाहिली होती आणि तिच्याबद्दल आपलं नाव पणाला लावून सांगितलं होतं. शिफारसपत्र म्हणजे साक्ष, आणि साक्षीदाराची आरोपीशी जुनी दोस्ती असावी लागत नाही. त्याने काहीतरी पाहिलेलं असावं लागतं.

आजच्या अर्जांतही हीच यंत्रणा आहे, फक्त तिचे दात जास्त बारीक झालेत. फॉर्म सरांना विचारतो: हा विद्यार्थी तुम्हाला किती काळ माहीत आहे, कोणत्या नात्याने? 1974 च्या एका अमेरिकी कायद्याने विद्यार्थ्याला आपल्यावरचं पत्र वाचायचा हक्क दिला. आणि अर्ज भरताना तोच हक्क सोडायची एक चौकट समोर येते! तिथे टिक केलीत की पत्राचं वजन वाढतं, कारण ज्याच्याबद्दल लिहिलंय तो वाचणार नाही म्हटल्यावर लिहिणारा खरं बोलेल, असा वाचणाऱ्यांचा हिशेब. आपलंच पत्र न वाचण्याचं वचन देऊन ते जड करायचं, याहून चमत्कारिक सौदा कुठला?

मग ‘नियमित उपस्थिती, वर्तणूक उत्तम’ या ओळीचं काय होतं? वाईट एक शब्द नाही, तरी पत्र खलास. साक्षीदाराने काहीच पाहिलं नाही, हे त्यातून लगेच कळतं. आपल्याकडे ‘तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो’ म्हणतात ना, त्यातून अशीच पत्रं निघतात. उलट 1948 साली प्राध्यापक रिचर्ड डफिन यांनी आपला विद्यार्थी जॉन नॅश याच्यासाठी प्रिन्स्टन विद्यापीठाला जेमतेम काही ओळी लिहिल्या: वय एकोणीस, जूनमध्ये पदवी, आणि हा गणिती प्रतिभावंत आहे. बस! पण डफिन यांनी नॅशला जवळून पाहिलं होतं. आपल्याला न ओळखणारे सर असं एका वाक्यात कसं सांगतील?

म्हणून त्यांच्याकडे जाताना मार्कलिस्टच्या गठ्ठ्याआधी त्यांच्याच विषयातलं आपलं काम टेबलावर ठेवावं: प्रोजेक्टचा अहवाल, त्यांच्या असाइनमेंटमध्ये सापडलेली खोच. ‘वीस मिनिटं बघाल का, आणि लिहिण्यासारखं वाटलं तरच लिहा’ असं म्हणावं. मुदतीच्या आदल्या रात्री नव्हे, महिना-दीड महिना आधी. सर नाही म्हणाले तर तेही उपकारच. पोकळ पत्रापेक्षा नकार बरा.

पण साक्षीदार कितीही थोर असला तरी न्यायाधीश तो नसतो. बोस युरोपात असतानाच ढाक्यात प्राध्यापकाची जागा निघाली. मित्रांनी आग्रह धरला, आइनस्टाइनचं शिफारसपत्र घे. मागितल्यावर आइनस्टाइन चकित झाले: तुमचं काम एवढं आहे, त्यावर आणखी पत्र कशाला? तरी त्यांनी ते दिलं. विसाव्या शतकातल्या सर्वांत वजनदार सहीचं पत्र! निवड समितीने ती जागा आधी देऊ केली भौतिकशास्त्रज्ञ देबेंद्रमोहन बोस यांना. त्यांनी ती घेतली नाही, म्हणून सत्येंद्रनाथांना मिळाली.