हार्डनर म्हणजे विरजण नव्हे

बार्शी लाइट रेल्वेची मालगाडी दुकानात विकत मिळत नाही. छोट्या रेल्वेच्या बाजारात जर्मन, ब्रिटिश, अमेरिकन गाड्यांचे हवे तेवढे संच आहेत. येडशी, कसबे तडवळ्यावरून लातूरकडे पूर्वी धावणाऱ्या या अडीच फुटी रुळांवरच्या गाडीच्या डब्याचा संच मात्र मी कुठल्याही दुकानात पाहिलेला नाही. ज्याला ती गाडी टेबलावर हवी, त्याने ती स्वतः करायची. तोच डबा दहादा कोरत बसण्यापेक्षा एक डबा नीट कोरावा, त्याचा साचा काढावा आणि रेझिनमध्ये बाकीचे ओतावेत, हे ओघानेच आले.

त्यातून ही गाडी ओतकामाला फार सोयीची आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने आखलेली ही रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली, 1907 मध्ये तडवळ्याला आणि 1911 मध्ये लातूरला पोचली. एका आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार नको, हा त्याचा दंडक होता. मालडबे त्याने एकाच मापाच्या, 25 फूट लांब आणि 7 फूट रुंद अशा दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्यांवर बांधून घेतले. पुण्यात कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात ज्या 1:87 प्रमाणात गाड्या पळतात, त्या प्रमाणात हा सांगाडा 87.6 मिलिमीटर लांब आणि साडेचोवीस मिलिमीटर रुंद होतो. रुळांमधले 762 मिलिमीटरचे अंतर 8.76 वर येते, म्हणजे बाजारातला 9 मिलिमीटरचा रूळ चालून जातो. थोडक्यात, एका साच्यातून अख्ख्या मालगाडीचे सांगाडे निघू शकतात.

निघू शकतात, पण निघत नाहीत. बहुतेकांचे पहिले ओतकाम चिकट राहते, फेसाळते किंवा वाकडे होते आणि दोष स्वतःच्या हाताला दिला जातो. हात बहुधा ठीक असतो. गडबड असते ती ऐकीव माहितीत.

‘लवकर वाळायला हवे तर हार्डनर जास्त घाला’

सगळ्यात जास्त माल या एका सल्ल्याने वाया जातो. सल्ल्याचे मूळ फायबरच्या कामात आहे. पाण्याच्या टाक्या, दुकानांचे बोर्ड, मखरे करणारे कारागीर पॉलिएस्टर रेझिन वापरतात. त्यात कॅटॅलिस्ट पडतो तो साधारण 1 ते 2 टक्के. तो खरोखर विरजणासारखा असतो: आधीपासून तयार असलेली क्रिया तो फक्त सुरू करून देतो आणि मर्यादेत राहून थोडा कमी-जास्त केला तर रेझिन उशिरा किंवा लवकर धरते. थंडीत थोडा जास्त, उन्हाळ्यात कमी, हा त्या कारागिरांचा अंदाज अगदी बरोबर आहे.

इपॉक्सी आणि पॉलियुरेथेन ही दोन्ही रेझिने मात्र विरजणावर चालत नाहीत. तिथे हार्डनर हा जोडीचा अर्धा भाग असतो. रेझिनच्या प्रत्येक रेणूच्या टोकांना पकडायला हार्डनरचे ठरावीक रेणू लागतात. जास्त घातलेल्यांना जोडीदार मिळत नाही. ते तसेच मोकळे आत राहतात, तुकडा मऊ पडतो आणि पावसाळी हवेत त्याला घाम सुटल्यासारखा चिकटपणा येतो. कमी घातले तर उलट बाजूने तीच गत. वेग हवा असेल तर वेगवान हार्डनरची बाटलीच वेगळी घ्यावी लागते.

यातच आणखी एक गफलत दडलेली असते. बाटलीवर ‘100 : 50’ लिहिलेले असते आणि आपण दोन झाकणे याचे, एक झाकण त्याचे असे मोजतो. ते प्रमाण वजनाचे आहे की आकारमानाचे, हे आधी वाचावे. इपॉक्सी रेझिन हार्डनरपेक्षा जड असते, त्यामुळे वजनाचे दोनास एक आणि झाकणाचे दोनास एक या वेगळ्या गोष्टी आहेत. छोट्या कामात तर हा फरक जास्तच बोचतो. 20 ग्रॅम रेझिनला 10 ग्रॅम हार्डनर लागत असताना एका ग्रॅमची चूक म्हणजे सरळ दहा टक्के. म्हणून 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा हवाच. किराणा दुकानातला काटा इथे उपयोगाचा नाही. मिश्रण ढवळताना पेल्याच्या कडा आणि तळ खरवडून घ्यावेत आणि शक्य तर दुसऱ्या पेल्यात ओतून पुन्हा ढवळावे. तुकड्यावर एखादाच चिकट डाग राहतो तो कडेला न ढवळलेल्या थेंबाचा असतो.

पॉलिएस्टरवाल्यांना एक गोष्ट पक्की माहीत असते, नवख्याला नसते: कॅटॅलिस्ट आणि कोबाल्टचा अॅक्सिलरेटर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळून झाल्यावरच दुसरे घालायचे.

‘रेझिन ते रेझिन, फायबरचे स्वस्त पडते’

स्वस्त पडते आणि घट्ट होताना आकसतेही. पॉलिएस्टर आकारमानाने 5 ते 8 टक्के आकसते, म्हणजे लांबीत साधारण दोन टक्के. टाकीला त्याचे काही वाटत नाही. आपल्या 87.6 मिलिमीटरच्या सांगाड्यात मात्र पावणेदोन मिलिमीटर गेले, म्हणजे खऱ्या डब्याच्या हिशेबात अर्धा फूट. कुठलाही डबा बॉगीवर, म्हणजे खालच्या चाकांच्या गाड्यावर, नीट बसणार नाही. शिवाय त्यातले स्टायरीन सिलिकॉनच्या साच्यात मुरते आणि साचा लवकर फुगतो, फाटतो. इपॉक्सी आणि पॉलियुरेथेन त्यामानाने फारच कमी आकसतात. घरचे अॅराल्डाइट हेही इपॉक्सीच, पण ते डिंकाच्या कामाचे. दाट असल्याने बारीक रिव्हेटांत उतरत नाही आणि बुडबुडे धरून ठेवते.

‘पॅकेटावरची वेळ म्हणजे वेळ’

ती वेळ साधारण 25 अंशांची असते. आपल्याकडे धाराशिवला एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशी गाठतो. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणून पाच मिनिटांचे पॉलियुरेथेन दुपारी पत्र्याच्या खोलीत दोन मिनिटांतच पेल्यात जाड होऊ लागते. उन्हाळ्यात ओतकाम पहाटे करावे, हा सगळ्यात स्वस्त उपाय. बाटल्या फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला ऐकू नये. एक तर जेवणाच्या फ्रीजमध्ये ही रसायने नकोत, आणि दुसरे, गार बाटली उघडताच हवेतली वाफ आत दव धरते.

त्या दवाची भीती पॉलियुरेथेनला सर्वांत जास्त. त्यातला आयसोसायनेट पाण्याशी भिडला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तुकडा पावासारखा फुगतो. जुलैत अचानक सगळे फेसाळायला लागले तर दोष ओतण्याच्या पद्धतीत नसतो. कागदी पेला, आइसक्रीमची लाकडी काडी आणि अर्धी रिकामी बाटली या तिन्हींत ओल असते. प्लॅस्टिकचा पेला, धातूची किंवा प्लॅस्टिकची काडी आणि छोट्या, काठोकाठ भरलेल्या बाटल्या वापराव्यात.

पेल्यात उरलेल्या इपॉक्सीबद्दलही सावध राहावे. पातळ थरात ती शांत असते. पेल्यात गठ्ठ्याने राहिली की स्वतःच्याच उष्णतेने तापते, धूर सोडते, पेला वितळवते. ती मोरीत ओतू नये. घराबाहेर पातळ पसरून घट्ट होऊ द्यावी आणि मग कचऱ्यात टाकावी.

‘बुडबुडे काढायला व्हॅक्यूम पंप पाहिजेच’

नाही. मूळ नमुन्यावर सिलिकॉन आधी ब्रशने पातळ लावून घ्यावे, उरलेले उंचावरून बारीक धारेने एका कोपऱ्यात ओतावे. साच्याच्या आत टाल्कम पावडर फिरवून झटकली की रेझिन कोपऱ्यांत सरकते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हवा वर निघून जायला वाट हवी. तुकडा साच्यात तिरका ठेवला की अर्धे बुडबुडे आपोआप सुटतात. सांगाड्यासारख्या सपाट कामाला एवढे पुरते.

पंप घेतलाच, तर तो सिलिकॉनसाठी वापरावा. व्हॅक्यूममध्ये सिलिकॉन तीन-चारपट वर चढते, म्हणून भांडे मोठे घ्यावे. आणि आपल्याकडे एक गंमत होते: गेजचा काटा 29 इंचांवर जात नाही म्हणून लोक पंप बदलून मागतात. धाराशिव समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंच आहे. इथे हवेचा दाबच साधारण 27.7 इंच पाऱ्याएवढा असतो. काटा 27 च्या पुढे रेंगाळला तर पंप उत्तम चालला आहे.

रेझिनला मात्र व्हॅक्यूमपेक्षा दाब बरा. 60 पीएसआय दाबाखाली घट्ट होऊ दिले की बुडबुड्याचे आकारमान जवळपास पाचपट कमी होते. बराचसा वायू रेझिनमध्ये विरघळतोही. पण मग साचासुद्धा बुडबुड्यांशिवाय केलेला हवा. नाही तर सिलिकॉनमधल्या पोकळ्या दाबाखाली बसतात आणि तुकड्यावर फोड उठतात.

आता जे ठामपणे सांगायलाच हवे ते: या कामाला घरातला प्रेशर कुकर कधीही वापरू नये. कुकरची शिट्टी सुमारे 15 पीएसआयला वाफ सोडते. त्याचे झाकण आणि रबर तेवढ्यासाठीच आहेत. शिट्टी काढून तिथे कॉम्प्रेसरचा नळ जोडणे आणि 60 पर्यंत हवा भरणे म्हणजे खोलीत बॉम्ब ठेवणे. रंगकामाचे, दाबासाठी तपासलेले, सेफ्टी व्हॉल्व असलेले पॉट मिळते. ते परवडत नसेल तर दाबाशिवाय काम करावे. थोडे बुडबुडे पुट्टीने बुजतात.

‘दोन भागांचा साचा हे आपले काम नाही’

उलट धाराशिव जिल्ह्यात हे काम फार जुने आहे. तेरला, म्हणजे प्राचीन तगरला, सातवाहन काळातल्या केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती सापडल्या. त्या दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत: पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही जोडून आतून पोकळ मूर्ती. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जाणाऱ्याने मूर्तींच्या चेहऱ्यांइतकेच त्यांच्या कडांकडेही पाहावे. जोड कुठे घ्यायचा, म्हणजे तो दिसणार नाही, हा त्या कारागिराचा प्रश्न आणि बॉगीचा साचा करणाऱ्याचा प्रश्न एकच आहे. उत्तरही तेच: जिथे नमुन्याला आधीच कड आहे, तिथे.

आपल्याला एक जास्तीची अडचण आहे. साच्याचे सिलिकॉन सहसा दुसऱ्या कशाला चिकटत नाही, पण सिलिकॉनला घट्ट चिकटते. पहिल्या अर्ध्यावर पातळ व्हॅसलीन न लावता दुसरा अर्धा ओतला, तर दोन्ही मिळून एकच ठोकळा होतो आणि नमुना आत अडकतो.

सिलिकॉनही एकच नसते. मूर्तीच्या कारखान्यांत वापरतात ते बहुधा कथिलाच्या संयुगावर घट्ट होणारे. ते फारसे नखरे करत नाही, थोडे आकसते आणि काही वर्षांत ठिसूळ होते. प्लॅटिनमवर घट्ट होणारे जास्त टिकते, पण गंधक, कथिल किंवा अमाइन लागले की त्या जागी कायमचे चिकट राहते. नमुना गंधक असलेल्या प्लॅस्टिसिनचा असेल, एम-सीलसारख्या पुट्टीचा असेल किंवा थ्रीडी प्रिंटरमधून नुकता निघालेला असेल, तर आधी एका कोपऱ्यात थेंब टाकून पाहावा. बाथरूमच्या फटी बुजवायचे सिलिकॉन या कामाचे नाहीच. ते हवेतल्या ओलीने वरून घट्ट होत जाते, जाड थरात आत कित्येक दिवस ओलेच राहते.

थ्रीडी प्रिंटरमुळे ओतकाम संपले, असेही ऐकू येते. प्रत्यक्षात दोघांची जोडी जमली आहे: नमुना प्रिंटरवर काढायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि प्रती साच्यातून. मात्र दुसऱ्याच्या संचाचा साचा काढून प्रती विकणे ही चोरी आहे, मग तो संच कितीही दुर्मीळ असो. आणि किल्ल्याच्या नक्षीवर किंवा जुन्या मूर्तीवर सिलिकॉन थेट ओतू नये. त्यातले तेल दगडात मुरते आणि डाग जात नाही.

‘वास येत नाही, म्हणजे धोका नाही’

पॉलिएस्टरचा वास घरभर पसरतो, म्हणून लोक निदान खिडकी उघडतात. पॉलियुरेथेनला जवळजवळ वास नसतो आणि धोका त्याचाच मोठा. आयसोसायनेटची वाफ फुफ्फुसांना संवेदनशील करते. एकदा ते झाले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो आणि ही संवेदनशीलता बहुधा जात नाही. इपॉक्सीचा हार्डनर हेच कातडीच्या बाबतीत करतो. कापडी मास्क किंवा एन-95 धुळीसाठी आहे, वाफेसाठी नाही. वाफेला सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. हातात नायट्राइलचे मोजे हवेत आणि खोलीतून वारा वाहता हवा. घट्ट झालेला तुकडा निरुपद्रवी असतो, पण घासताना त्याची धूळ उडते, म्हणून पाणी लावून घासावे. ज्या खोलीत लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण झोपतो, तिथे हे काम करूच नये.

तेव्हा खरेदीचा क्रम उलटा ठेवा: आधी मास्क आणि मोजे, मग 0.1 ग्रॅमचा काटा, मग सिलिकॉन, आणि रेझिन सर्वांत शेवटी, तेही लहान बाटलीत.