नोकियाने सोडलेल्या कोडचं पुढे काय झालं

११ फेब्रुवारी २०११ रोजी लंडनमध्ये नोकियाचे स्टीफन इलॉप आणि मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर एकाच मंचावर उभे राहिले. नोकियाचे स्मार्टफोन यापुढे मुख्यतः विंडोज फोनवर चालतील, असं त्यांनी जाहीर केलं. इलॉप काही महिन्यांपूर्वीच मायक्रोसॉफ्टमधून नोकियात आले होते. या एका घोषणेने मिगो पोरकी झाली. नोकियाची माएमो आणि इंटेलची मॉब्लिन एकत्र करून घडवलेली ही लिनक्सवरची मुक्तस्रोत प्रणाली तेव्हा जेमतेम वर्षाची होती.

त्याच वर्षी जूनमध्ये नोकियाने मिगोवरचा एन-९ हा फोन दाखवला. पुढच्या बाजूला एकही बटण नाही. पडद्याच्या कडेवरून बोट सरकवलं की ॲप बाजूला. इतका देखणा फोन, पण त्याला भविष्य नाही हे आधीच ठरलेलं. ज्या वाटेवर कंपनीच पुढे जाणार नाही, त्या वाटेसाठी ॲप कोण लिहील? काही महिन्यांत इंटेलही मिगो सोडून सॅमसंगबरोबर टायझन या प्रणालीकडे वळली.

इथून पुढचं मात्र थक्क करणारं आहे. मिगोवरची ॲप क्यूटी या साधनसंचात लिहिली जात. क्यूटी मूळ नॉर्वेच्या ट्रोलटेकची. २००८ मध्ये नोकियाने ही कंपनीच विकत घेतली होती. पण त्याच्या दहा वर्षं आधी, १९९८ मध्ये, ट्रोलटेकने केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाशी एक करार केला होता. क्यूटीच्या मालकाने बारा महिने मुक्त आवृत्ती काढलीच नाही, तर दोघांनी मिळून स्थापलेल्या प्रतिष्ठानाला ती अतिशय सैल परवान्याखाली सगळ्यांसाठी खुली करता येईल! मालक बदलले तरी हे बंधन क्यूटीबरोबर पुढे जात राहिलं. नोकियाकडे आलं आणि २०१२ मध्ये फिनलंडच्या डिजियाकडेही. मूठभर प्रोग्रॅमरांनी केवढी दूरदृष्टी दाखवली होती! आज मोटारींच्या डॅशबोर्डवरही क्यूटी चालते.

मिगोचा गाभा स्वयंसेवकांनी उचलला, अनावश्यक भाग छाटले आणि त्याला मेर असं नाव दिलं. नोकियातून बाहेर पडलेल्या काही जणांनी योला ही कंपनी काढली आणि मेरवर सेलफिश ही प्रणाली उभी केली. योलाचा पहिला फोन नोव्हेंबर २०१३ मध्ये हेलसिंकीत विक्रीला आला. पुढच्या वर्षी तो स्नॅपडीलवरून भारतातही पोहोचला.

आणि ज्या विंडोज फोनसाठी हे सगळं सोडलं, त्याचं काय झालं? मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये नोकियाचा फोन-व्यवसायच विकत घेतला, तरी जम बसला नाही. जानेवारी २०२० मध्ये त्या प्रणालीचा शेवटचा आधारही थांबला. तो कोड उचलून पुढे न्यायची मुभा कुणालाच नव्हती, त्यामुळे त्याला मेरसारखा वारसदार मिळणं शक्यच नव्हतं.

एन-९ च्या बाबतीतही हेच घडलं. त्याचा गाभा खुला होता, पण लोकांना भुरळ घालणारं रूप नोकियाने बंद ठेवलं होतं. म्हणून योलाला बोटं सरकवण्याची सगळी मांडणी पुन्हा नव्याने करावी लागली. हे सगळं सोसूनही योलाने सेलफिशच्या दर्शनी रूपाचे मोठे भाग बंदच ठेवले, ही गोष्ट मला अजून खटकते.