बेस गिटारची घडणावळ

दागिना मोडायला नेला की सराफ सोनं तोलतो आणि घडणावळ विसरून जातो. कारागिराने पाटल्यांवर कितीही नाजूक नक्षी कोरली असली तरी तिचा पैसा परत येत नाही. महागड्या बेस गिटारच्या जुन्या बाजारातही असंच होतं. एखाद्याने हौसेने, स्वतःच्या हाताच्या मापाने, दुर्मीळ लाकडाचा मुखडा लावून बनवून घेतलेली गिटार विकायला काढली की तिची किंमत बघता बघता घसरते. उलट साठेक वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात शेकड्यांनी तयार झालेली, ओरखडे पडलेली, रंग उडालेली गिटार तिच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव खाते. कारागिरी जिथे जास्त तिथे भाव टिकावा, ही साधी अपेक्षा इथे उलटी पडते. कारण या बाजारात तोलली जाते ती वाद्याबद्दलची माहिती. ते काय आहे, केव्हाचं आहे आणि त्याला किती हात लागले आहेत, हे अनोळखी माणसाला जितकं खात्रीने सांगता येईल तितका त्याचा भाव टिकतो.

बेस म्हणजे साध्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली बोलणारी, बहुधा चार तारांची गिटार. गाण्याचा खर्ज आणि ताल यांना एकत्र बांधून ठेवण्याचं काम तिचं. 1951 साली लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि 1960 साली जॅझ बेस. फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कदाचित म्हणूनच त्यांनी वाद्याकडे यंत्र म्हणून पाहिलं. लाकडाची भरीव फळी, तिला चार स्क्रूंनी जोडलेली मान, आणि बिघडलेला भाग काढून दुसरा बसवण्याची सोय. कारखान्याच्या या शिस्तीमुळेच आज त्या वाद्यांचा कागदपत्रासारखा तपास करता येतो. मानेच्या टाचेवर तारीख असते, मागच्या पत्र्यावर क्रमांक असतो, आणि आतल्या आवाजाच्या बटणावर पुरवठादाराचा संकेत छापलेला असतो. त्यावर 3046212 असे आकडे दिसले तर 304 हा स्टॅकपोल कंपनीचा संकेत, 62 हे साल आणि 12 हा त्या सालातला आठवडा. हे सगळे पुरावे एकमेकांशी जुळले की खरेदीदाराचा हात खिशाकडे जातो.

आता हिशेब मांडून पाहू. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जॅझ बेसची छापील किंमत 279.50 डॉलर होती. आज 1962 चा जॅझ बेस मूळ रंगात, एकही भाग न बदलता मिळाला, तर त्याला 15 ते 20 हजार डॉलर किंवा त्याहूनही जास्त मोजावे लागतात. वीस हजार धरले तरी वाढ दरसाल सुमारे सात टक्के पडते. शेअर बाजाराशी तुलना केली तर हे काही डोळे दिपवणारं नाही. पण सोन्याशी तुलना करून बघा. तेव्हा सोनं औंसाला 35 डॉलर होतं, म्हणजे त्याच पैशांत जवळपास आठ औंस, आपल्या भाषेत 21 तोळे सोनं आलं असतं. 2024 च्या मध्याला औंसाचा भाव 2,300 डॉलरच्या वर होता. आठ औंसांचे साडेअठरा हजार होतात. म्हणजे तोवर बेस आणि सोनं जवळपास खांद्याला खांदा लावून चालले. (सामान्य अमेरिकन माणसाला तेव्हा सोन्याच्या लगडी घरात ठेवायला कायद्याने बंदी होती, ती 1974 च्या अखेरीस उठली, बेस ठेवायला मात्र कुणाची हरकत नव्हती.) शिवाय मधली साठ वर्षं तो वाजवता आला, ही जमेची बाजू वेगळीच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: जुन्या वाद्यांचा आवाजच चांगला, म्हणून भाव. काही वाद्यांच्या बाबतीत तो चांगला असेलही. पण भाव आवाजाला असता, तर एकाच महिन्यात बनलेल्या दोन बेसच्या किमती आवाजाप्रमाणे वेगळ्या लागल्या असत्या. प्रत्यक्षात त्या लागतात मूळ रंगाप्रमाणे. कुणीतरी 1975 च्या सुमारास हौसेने बेस पुन्हा रंगवून घेतला असेल, तर त्याची किंमत साधारण निम्मी होते, असा व्यापाऱ्यांचा ठोकताळा आहे. फळीवरच्या रंगाच्या पातळ थराने आवाज निम्मा होत नाही. निम्मा होतो तो विश्वास. वापराने झालेली झीज चालते, दुरुस्ती चालत नाही. झीज तर इतकी चालते की फेंडरचा कस्टम शॉप विभाग नवी कोरी गिटार मुद्दाम घासून, ओरखडून, जास्त किमतीला विकतो.

लाकडाचंही तसंच. 1959 पासून फेंडरच्या बेसच्या मानेवर ब्राझीलच्या रोझवूडची पट्टी येऊ लागली. साठचं दशक अर्ध्यावर आल्यावर तिची जागा भारतीय रोझवूडने, म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढणाऱ्या शिसवीच्या लाकडाने घेतली. शिसवी वाजायला कमी पडते असं कुणी सिद्ध केलेलं नाही. मात्र 1992 साली ब्राझीलच्या रोझवूडवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे सर्वांत कडक निर्बंध आले आणि ते लाकूड 'आता न मिळणारं' ठरलं. आधी चांगलं म्हणून मागितलं जाणारं लाकूड आता न मिळणारं म्हणून मागितलं जातं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सगळ्याच हाताने घडवलेल्या गिटारींचा भाव पडत नाही. इंग्लंडच्या वॉल बेसचं उदाहरण घ्या. इयन वॉलर आणि पीट स्टीव्हन्स या दोघांनी तो घडवला. वॉलर 1988 साली गेले, पुढे स्टीव्हन्सही बाजूला झाले, आणि काम पॉल हर्मन यांच्याकडे आलं. मोजकी वाद्यं, लांबलचक प्रतीक्षा, त्यामुळे जुना वॉल नव्याच्या तोडीला जातो, कधी पुढेही. मग घडणावळ इथे परत कशी मिळते? मिळते, कारण वॉलचा आवाज त्याच्या स्वतःच्या विद्युतमंडलामुळे डोळे मिटूनही ओळखू येतो आणि त्याचे नमुने फार बदलले नाहीत. ब्रुकलिनच्या फोडेरासारख्या नामांकित कारखान्याचंही हेच: नावाला आणि ठरलेल्या नमुन्याला भाव मिळतो, पण पहिल्या मालकाने स्वतःच्या आवडीने जोडलेल्या नक्षीला आणि अद्भुत लाकडाला दुसरा मालक क्वचितच पूर्ण पैसे देतो. ती आवड पहिल्याची होती.

तिसरी शंका अशी की ही माहिती म्हणजे शेवटी एका पिढीची आठवण, आणि पिढी सरली की भावही सरेल. यात तथ्य आहे, नाकारण्यात अर्थ नाही. 2008 च्या मंदीत जुन्या गिटारींचे भाव चांगलेच आपटले होते. पण आठवण नव्याने घडतेही. फेंडर कंपनी 1965 साली सीबीएसने विकत घेतली आणि त्यानंतरचा माल कित्येक वर्षं दुय्यम मानला गेला. मग बेसवादक मार्कस मिलर यांनी 1977 चा जॅझ बेस, तोही न्यूयॉर्कच्या रॉजर सॅडोस्की यांनी बदल केलेला, जगाला ऐकवला आणि सत्तरच्या दशकातल्या त्याच 'दुय्यम' वाद्यांना मागणी आली. प्रसिद्ध रॉक बेसवादक बिल वायमन यांचा 1969 चा मस्टँग बेस हे तर आखूड मानेचं, कमी किमतीचं वाद्य. 2020 च्या लिलावात त्याला 3,84,000 डॉलर मिळाले.

मोटाउन या अमेरिकन ध्वनिमुद्रण कंपनीच्या असंख्य गाण्यांचा खर्ज ज्यावर उमटला तो बेसवादक जेम्स जेमर्सन यांचा 1962 चा प्रिसिजन बेस 1983 साली, त्यांच्या मृत्यूच्या काही दिवस आधी चोरीला गेला आणि आजवर सापडलेला नाही. टाचेवर त्यांनी 'फंक' हा शब्द कोरला होता. कुणाच्या माळ्यावर तो पडला असेल आणि त्याला हे ठाऊक नसेल, तर दुकानदार ते कोरलेलं लाकूड बोटाने चाचपेल आणि त्या खराबीपोटी किमतीतून काही डॉलर कापून घेईल.